रायभानच्या गाडीतली टकटक

रायभानच्या नाकावर राग असतो, असं हसनाबादचे लोक म्हणतात. ते खरं नाही. नाक केवढंसं, त्यावर रायभानचा राग मावणार कसा? तो त्याच्या मिशीत असतो, सदऱ्याच्या बटणांत असतो, सकाळच्या चहात असतो. चहा गार झाला तर तो बायकोवर ओरडतो आणि गरम असला तर चहावर. पासष्टी उलटली, दात हलायला लागले, गुडघे कुरकुरायला लागले, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

हा मेंढपाळाचा पोरगा. बापाची हयात मेंढरांमागे गेली. आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. रायभानला मेंढरांचा कंटाळा होता आणि मेंढरांना रायभानचा. मिसरूड फुटायच्या आत तो ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. पुढे हातात स्टिअरिंग आलं, आणि एक दिवस जालन्याला सरकारी लिलावात त्याने पांढरी अँबेसिडर उचलली. सबंध भावकीत चारचाकी घेणारा तो पहिला. पुढच्या काचेवर त्याने पिवळ्या रंगात ‘येळकोट’ लिहून घेतलं आणि लग्नाची भाडी सुरू केली.

मग कितीतरी वर्षं भोकरदन तालुक्यातला नवरदेव म्हटला की तो रायभानच्या गाडीतूनच उतरायचा. त्यात मानही होता आणि भीतीही होती. नवरदेव सासऱ्याला घाबरणार नाहीत एवढे या ड्रायव्हरला घाबरायचे. सीटवर पाय घ्यायचा नाही, काचेवर हात टेकवायचा नाही, करवलीने पोरगं मांडीवर घेऊन बसायचं असेल तर पोराचं तोंड आधी पुसायचं. सिपोऱ्याच्या एका नवरदेवाने खिडकीतून पानाची पिंक टाकली आणि चार थेंब दारावर उडाले. रायभानने भर रस्त्यात गाडी थांबवली, नवरदेवाला उतरवला आणि बाशिंग बांधलेल्या अवस्थेत त्याच्याकडून दार धुऊन घेतलं. वऱ्हाड बघत राहिलं. मुहूर्त टळला तरी रायभानचं काही जाणार नव्हतं.

अशा माणसाला धाकटा भाऊ मिळाला तो आदिनाथ. स्वभावाने मऊ, बोलायला गोड, भांडण दिसलं की वाट बदलणारा. दोघा भावांना बायकाही एकाच घरातल्या आल्या. आसराबाई थोरली, सत्यशीला धाकटी. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या. त्यांची आई लवकर गेली होती, त्यामुळे सत्यशीलेला आसराबाईनेच न्हाऊमाखू घालून वाढवली होती, आणि तिचं लग्नही तिनेच हट्टाने आपल्या दिराशी लावून दिलं होतं. बहीण डोळ्यांसमोर राहील, एवढाच तिचा विचार. दोन घरं, मध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून दिवसभर कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या.

या सगळ्यावर पाणी पडलं ते आदिनाथच्या पोरीच्या, अक्षताच्या लग्नात.

रायभानने पहाटे उठून गाडी धुतली. झेंडूच्या माळा स्वतःच्या हाताने ओवल्या. पुतणीचा नवरा आपल्या गाडीतून उतरणार, यात विचारण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटत होतं, म्हणून त्याने कुणाला विचारलं नाही. आणि आदिनाथने भीतीपोटी सांगितलं नाही. पाव्हण्यांनी संभाजीनगरहून टपात खिडकी असलेली भलीमोठी नवी गाडी आणली होती. नवरदेव त्या टपातून अर्धा बाहेर निघून नाचत आला. लोक मोबाइल वर करून उभे. रायभानची अँबेसिडर माळा घालून मांडवाच्या कडेला तशीच उभी.

“दादा, पाव्हण्यांच्या मनाविरुद्ध कसं जावं?” आदिनाथ हात चोळत म्हणाला. “तुमची गाडी जरा सामानाला राहू द्या.”

रायभान काही बोलायच्या आत आचाऱ्याच्या माणसांनी मागचं दार उघडलं होतं. ज्या सीटवर अर्ध्या तालुक्याचे नवरदेव बसले, त्या सीटवर वरणाचं पातेलं ठेवलं गेलं.

पुढचं लोक अजून सांगतात. रायभानने पातेलं उचलून रस्त्यावर ओतलं, गाडी काढली, घरी आला. बांधाच्या कडेला लिंबाखाली गाडी लावली. हँडब्रेक ढिला होता, म्हणून पुढच्या बंपरला जवळजवळ चिकटून जमिनीत लोखंडी पहार ठोकली. ती पहार त्याने गाडी सरकू नये म्हणून ठोकली की आदिनाथच्या नावाने ठोकली, हे घाव मोजणाऱ्यालाच ठाऊक. त्या दिवसापासून गाडी रस्त्यावर आली नाही.

आठवड्याभरात बांधावर तार आली. तीन पदरी, लाकडी खांबांवर ताणलेली, आणि तिला झटका मशीन जोडलेलं. मक्याच्या राखणीला हल्ली सगळेच ते लावतात. बॅटरीवर चालणारी पेटी असते, ती तारेत थांबून थांबून करंट सोडते. जनावर मरत नाही, पण पुन्हा त्या वाटेला जात नाही. रायभानने पेटी लांब विहिरीवरच्या खोलीत ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, डुकरांसाठी लावली. गावाला माहीत होतं की डुकरं येतात नदीच्या अंगाने आणि तार लागलीय आदिनाथच्या अंगाने. पण रायभानला हे सांगायला जाणार कोण?

तार लावली त्या संध्याकाळी त्याने घरातल्या देवापुढे आसराबाईला भंडारा उचलायला लावला. धनगराच्या घरात खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द म्हणजे संपलं. कोर्टातल्या शपथेला लोक हसतात, या शपथेला कुणी हसत नाही.

“म्हण, त्यांच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई.”

आसराबाईने म्हटलं. तिचा हात पिवळा झाला. रायभान जेवून झोपला.

आणि स्वतःपुरतं त्याने ठरवून टाकलं की आदिनाथच्या घराकडे तोंड म्हणून करायचं नाही. त्याने ते पाळलंही. अंगणात बसला तर त्या बाजूला पाठ करून बसायचा. गाडी पुसायला जायचा तो पुढून आणि अल्याडच्या अंगाने; डिकीच्या बाजूला कधी गेलाच नाही, कारण तिकडे गेलं की बांधापलीकडचं अंगण दिसतं. धूळ साचून गाडीचा मागचा भाग मातीच्या रंगाचा झाला होता आणि पुढचा आरशासारखा चमकत होता. कुणी हसलं की रायभान दगड शोधायचा.

मध्यंतरी सत्यशीलेला लकवा मारला. उजवी बाजू गेली. आसराबाईने जेवण वाढताना सांगितलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत थांबली.

“ज्याचं त्याला,” रायभान म्हणाला, “इथंच फेडावं लागतंय. मीठ आण.”

आसराबाईने मीठ आणलं. ती बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असा रायभानचा संसारभराचा हिशोब होता.

थंडी पडली, सकाळी गवतावर दव दिसायला लागलं, आणि गाडी टकटक करू लागली.

रायभान पुढची काच पुसत होता. बोनेटच्या आतून आवाज आला. टक. जरा थांबून पुन्हा टक. जणू आत कुणीतरी सुपारी कातरत बसलंय. किल्ली खिशात, गाडी बंद, आणि टकटक चालूच. त्याने बोनेट उघडलं तर आवाज खालून आल्यासारखा वाटला, खाली वाकला तर आतून. दुपारच्या उन्हात आवाज आपोआप बंद झाला. दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू.

“पाल चुकचुकत आसंल,” आसराबाई म्हणाली.

“पाल काय घड्याळ लावून चुकचुकती का?” रायभान खेकसला.

तरी त्याने गाडी रिकामी केली. सीटं काढली, चटया झटकल्या, डॅशबोर्डखाली हात घालून पाहिलं. उंदराच्या लेंड्या निघाल्या, एका नवरीचा हरवलेला पैंजण निघाला, पाल निघाली नाही. मग गावातला मिस्त्री आला. त्याने कान लावला आणि कटाउटवर बोट ठेवलं. जुन्या गाडीत बॅटरी चार्ज करण्यासाठी ही डबी असते आणि ती बिघडली की टकटक करते, हे बरोबर होतं. कटाउट बदलला. दुसऱ्या सकाळी नवा कटाउट जुन्यासारखाच टकटकत होता. रायभानने मिस्त्रीला दिलेल्या शिव्या भोकरदनच्या बसमधल्या लोकांनी ऐकल्या म्हणतात.

तोवर सगळं चेष्टेवारीच होतं. पण एका सकाळी रायभान अनवाणी, ओल्या गवतातून गाडीपाशी गेला आणि दाराच्या मुठीला हात लावला. दुसऱ्या क्षणी तो पाठीवर पडला होता. हात खांद्यापर्यंत बधिर, तोंडातून आवाज निघेना, आणि निघाला तेव्हा सगळी वस्ती जागी झाली.

बांधापलीकडून आदिनाथ धावत आला. तारेपाशी थांबून ओरडला, “दादा, काय झालं? पडलात का?”

रायभानने मान फिरवली. पडल्या जागी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा एवढ्या जल्दी कसा आला? म्हणजे वाट पाहत होता. म्हणजे यानेच केलं. पलीकडे याच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आहे, तिथून जमिनीतून वायर आणून गाडीत करंट सोडला. वरणाच्या पातेल्याने जीव गेला नाही, म्हणून हा उपाय.

भावाला माया असेल म्हणून तो धावला, हा विचार रायभानच्या डोक्याला शिवला नाही. एकदा माणसाला पाण्यात पाहायचं ठरवलं की त्याचं धावून येणंसुद्धा गुन्हा ठरतं.

त्याच दिवशी तो गावातल्या खंडोबाच्या देवळात गेला. पोलीस पाटील राजानंदला आणि पारावरच्या चार माणसांना बोलावून घेतलं. देवापुढचा भंडारा मुठीत घेतला.

“ज्याच्या हातानं माझ्या गाडीत करंट आला,” तो म्हणाला, “त्याचं तोंड मी मरेपर्यंत पाहणार न्हाई. त्याचा पाय माझ्या उंबऱ्याला लागणार न्हाई. माझ्या मयतीला त्याचा खांदा न्हाई.”

“आधी तपासून तर घ्या,” राजानंद म्हणाला. तो शांत माणूस, गावाची भांडणं मिटवून मिटवून केस पांढरे झालेले. “भोकरदनहून नागसेनला बोलवा, त्याचं वायरिंगचं डोकं चांगलंय. आदिनाथचा हात निघाला तर मी सोता तुम्हाला ठाण्यात घेऊन जातो. पण भंडारा उचलायची घाई केली तुम्ही.”

“घाई कशाची? मला म्हाईत हाय कोण हाय ते.”

घरी येऊन त्याने आसराबाईला शब्द न शब्द सांगितला. सांगताना तो खुशीत होता, असं म्हटलं तरी चालेल. आता कायमचा निकाल लागणार होता. चुलीपुढे बसलेली आसराबाई ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तिने ती उलटली नाही. रायभानने भाकरीवरूनही तिला चार शब्द सुनावले.

राजानंदने बोलावलेला नागसेन दुसऱ्या सकाळीच फटफटीवर आला. भोकरदनला बस स्टँडच्या मागे त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. माणूस कामाला चोख, पण तोही काही साखरेचा नव्हता. गिऱ्हाइकाने मध्ये बोललेलं त्याला खपत नसे. आल्या आल्या त्याने पायातले रबरी बूट तपासले आणि विचारलं, “झटका कुठं बसला काका?”

“झटका न्हाई, खून करून राह्यले व्हते माझा.”

“खून कुठं बसला मंग?”

राजानंदने हसू दाबलं. तो आणि पारावरची माणसं लिंबाखाली उभी होती. तारेपलीकडे आदिनाथ मान खाली घालून उभा होता. राजानंदनेच त्याला बोलावून घेतलं होतं. त्याच्या अंगणात खाटेवर सत्यशीला बसवलेली होती. आसराबाई घराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. गाडी आपली टकटक करत होती.

नागसेनने पान्याने बॅटरीची टर्मिनलं सोडवली आणि बॅटरीच उचलून खाली ठेवली.

टक.

“आता गाडीत करंटच न्हाई,” तो म्हणाला. “बॅटरी भायेर हाय.”

टक.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रायभानने मांडीवर थाप मारली. “सांगत व्हतो ना! गाडीचा दोष न्हाई. भायेरून आणलाय करंट! राजानंद, लिहून घ्या. बघा ना, बघा कसा उभा हाय मुका होऊन!”

“दादा, खंडोबाची आन, मी—” आदिनाथने तोंड उघडलं.

“तू गप! तुझ्याशी बोलून राह्यलो का मी?”

“काका, तुम्हीच गप बसा,” नागसेन म्हणाला. “शिव्या देऊन फॉल्ट निघत नसतोय.”

असं रायभानला त्याच्याच अंगणात कुणी कधी म्हणालं नव्हतं. तो थक्क होऊन खरोखरच गप बसला.

नागसेनने टेस्टर गाडीच्या पत्र्याला लावला. टेस्टरचा दिवा पेटत राहिला नाही. टक झालं की लुकलुकायचा आणि विझायचा. तो पोटावर झोपून पुढच्या बंपरखाली शिरला. पहार आणि बंपर यांच्यामध्ये ज्वारीचा दाणा बसेल एवढी फट होती, आणि त्या फटीत बारीक निळी ठिणगी उडत होती. ठिणगी उडली की टक. बोनेटच्या पोकळीत तोच आवाज घुमून आत काहीतरी असल्यासारखा वाटायचा.

तो बाहेर आला, कपडे झटकले. “झटका मशीन कुठं हाय तुमचं?”

“विहिरीवर. त्याचं काय?”

“चालू हाय?”

“चालूच आसतंय. डुकरासाठी हाय.”

“कुणीतरी जाऊन बंद करा.”

पारावरचा एक जण विहिरीकडे गेला. जरा वेळाने त्याने लांबून हात हलवला. सगळे कान टवकारून उभे राहिले. टक झालं नाही. लिंबावरचे कावळे तेवढे ओरडत होते.

“लाव म्हणा परत.”

टक.

“बंद कर.”

शांत.

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांच्या ओठांवर एकच म्हण आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रायभानच्या गाडीत रायभानचाच करंट.

“माझी तार तिथं वर, गाडी इथं खाली,” रायभान घुमा होऊन म्हणाला. “गाडीला तार लागलीच न्हाई तर करंट येईल कसा? तार लावली कुणीतरी! त्यानंच लावली! मशीन माझं आसलं म्हणून काय झालं?”

“लागली का न्हाई ते मागं जाऊन पाहू की,” नागसेन म्हणाला आणि डिकीकडे गेला.

राजानंद गेला. पारावरची माणसं गेली. शेवटी रायभानलाही जावं लागलं. अक्षताच्या लग्नापासून पहिल्यांदा तो आपल्या गाडीच्या मागे उभा राहिला.

तारेचे खालचे दोन पदर खांबावरून सोडवून वर उचललेले होते आणि कापडाच्या पट्टीने डिकीच्या मुठीला बांधून टाकलेले होते. खाली वाकून माणूस सहज पलीकडे जाईल एवढी वाट झाली होती. वाटेवरचं गवत तुडवून तुडवून बसलं होतं, मातीत चपलेचे ठसे होते. घरातून पाहिलं तर मध्ये गाडी आड येत होती. तिथून यातलं काहीच दिसत नव्हतं.

“कापड कोरडं आसलं तर करंट येत न्हाई,” नागसेन म्हणाला. “सकाळी दवानं भिजतंय आन् झटका सगळा गाडीत उतरतोय. दुपारी वाळलं की बंद. एवढाच फॉल्ट.”

रायभान ऐकत नव्हता. तो त्या पट्टीकडे पाहत होता. हिरव्या लुगड्याचा लाल काठ. भोकरदनच्या बाजारातून त्यानेच आणलं होतं ते. मागच्या दिवाळीला फाटलं म्हणून आसराबाईने त्याची फडकी केली, तेव्हा तो ओरडलाही होता.

“हे... हे त्यांनी चोरलं,” तो म्हणाला. “वाळत घातलेलं तिकडं ओढून घेतलं आसंल. सत्यशीलेनं—”

“तिला उजवा हात न्हाई,” मागून आसराबाई म्हणाली. “ती काय गाठ बांधती?”

ती केव्हा येऊन उभी राहिली होती कुणाला कळलं नव्हतं. पदर तोंडावरून काढलेला होता.

“मी बांधली ती तार. मशीनची बॅटरी चार्जिंगला नेलती तुमी, त्या दिशी बांधली. ह्याच्यात आदिनाथचा हात न्हाई. करंट गाडीत उतरंल हे मला बापडीला काय म्हाईत? तुमी पडला त्या दिशी माझ्या काळजात धस्स झालं. पण गाठीपायी झालंय हे काही डोस्क्यात आलं न्हाई.”

“भंडारा उचलला व्हता तू!” रायभानचा आवाज चिरकला.

“उचलला व्हता. तुमी उचलायला लावला म्हणून उचलला, आन् मोडला. देवाला माझं काय करायचं ते करू द्या, त्याच्याशी मी बोलीन. तिला घास उचलत न्हाई, वेणी घालता येत न्हाई. आदिनाथ रानात गेल्यावर ती माश्या बसलेल्या तोंडानं पडून ऱ्हायची, आन् मी इथं बसून तुमची भाकरी शेकायची? आईनं मरताना तिचा हात माझ्या हातात देलता. रोज दुपारी तुमी जेवून घोरता तव्हा जाती मी. तिला खाऊ घालती, केस विंचरती, तुमी उठायच्या आत माघारी येती. झालं समाधान?”

राजानंदने घसा खाकरला. “रायभानभाऊ, तपास झाला. आता घरातलं घरात मिटवा. ते देवळातलं बोलणं रागाच्या भरात...”

“रागाच्या भरात कसं?” आसराबाई त्याच्याकडे वळली. “भंडारा हातात व्हता त्यांच्या. मला सांगितलंय त्यांनी सगळं, बिलकुल पाठ हाय. ज्याच्या हातानं झालं त्याचं तोंड पाहणार न्हाई. त्याचा पाय उंबऱ्याला लागणार न्हाई.” मग ती नवऱ्याकडे वळली. “तुमी जल्मात शब्द मोडला न्हाई. लोकांच्या नवरदेवाचा मुहूर्त मोडला, सख्ख्या भावाचं घर तोडलं, पण शब्द न्हाई मोडला. आता माझ्यापायी मोडू बी नका. मी मोडून पाहिला, लई सोपं आसतंय ते. पण तुमाला न्हाई जमायचं.”

रायभानने तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या तोंडात शिव्यांची वाण पडली नाही, त्या तोंडात त्या वेळी एकही शब्द सापडला नाही. ‘थांब’ एवढा छोटा शब्द होता. तो त्याने कधी कुणाला वापरून दाखवला नव्हता, म्हणून असेल.

“भाकरी टोपल्यात हाय,” आसराबाई म्हणाली. “सांजच्याला तुमची तुमी करा.”

तिने पदर खोचला, वाकली आणि तारेखालून पलीकडे गेली. पलीकडे गेल्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, कारण वय तिचंही झालं होतं. आदिनाथ बाजूला सरला. त्याने “वहिनी” म्हटलं, आणि थोरल्या भावाकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याचं काही नव्हतं. तेच रायभानला सगळ्यात जास्त झोंबलं.

पारावरची माणसं एकेक करून निघाली. राजानंद जाताना काहीतरी म्हणणार होता, पण रायभानचं तोंड पाहून त्याने चप्पल सरळ केली आणि वाटेला लागला. नागसेन पक्कड घेऊन पट्टीपाशी वाकला.

“गाठ सोडतो, काका. तार खाली खांबाला लावली की आवाज बंद. दोन मिंटाचं काम.”

पलीकडच्या अंगणात आसराबाई बहिणीच्या मागे बसली होती. तिने सत्यशीलेचा अंबाडा सोडला, फणी घेतली आणि केस विंचरायला सुरुवात केली. सत्यशीला डाव्या हाताने डोळे पुसत होती. आसराबाई इकडे पाहत नव्हती.

“राहू दे,” रायभान म्हणाला.

“आसं कसं राहू दे? उद्या मशीन लावलं की पुन्हा टकटक सुरू व्हईल, आन् परत तुम्ही मला—”

“राहू दे म्हणलं ना! कान फुटले का तुझे? हात लाव त्या गाठीला, तंगडंच मोडतो का न्हाई बघ!”

नागसेनने पक्कड पेटीत आदळली आणि असलं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही, असं मोठ्याने म्हणत फटफटीला किक मारली. रायभान गाडीच्या मागे तसाच उभा राहिला, बायकोच्या तोंडाकडे पाहत.